निगुरीच्या हातचं पाणी

मला सहसा किळस येत नाही. नोकरीच तशी केली. श्रीरामपूरला एका दवाखान्यात नर्स म्हणून जन्म गेला. पू, उलट्या, बेडपॅन, अळ्या पडलेल्या जखमा, सगळं या हातांनी केलं आणि हात धुऊन त्याच हातांनी डबा खाल्ला. त्यामुळे पुढं मी जिथं किळस आली म्हणेन तिथं ती खरीच समजा. उगीच नाक मुरडणाऱ्यांतली मी नाही.

निवृत्त झाल्यावर मी धर्माचा अभ्यास करायचं ठरवलं. जन्मानं हिंदू, संक्रांतीला वाण, गणपतीत आरत्या, सगळं यथासांग. पण हे कशासाठी म्हणून कुणी विचारलं असतं, तर मला धड एक वाक्य बोलता आलं नसतं. वॉर्डात माझ्याबरोबरच्या निम्म्या सिस्टर ख्रिस्ती. पेशंट गेला की त्या डोळे मिटून दोन शब्द म्हणायच्या. मुसलमान पेशंट असला की घरचं कुणीतरी त्याच्या उशाशी बसून पुटपुटायचं. आणि मी? मी घड्याळ बघून वेळ लिहायचे. श्वास थांबला तेव्हा आतून नेमकं काय गेलं आणि कुठं गेलं, एवढाच माझा प्रश्न होता. ड्यूटीत तो विचारायला सवड मिळाली नाही. म्हणून अर्थासकट छापलेली एक जाडजूड पोथी आणली, चष्मा लावला आणि बसले. चार पानं वाचली की आठ शंका. सगळे म्हणाले, असं एकटीनं वाचून भागत नाही, गुरू लागतो.

लागतो तर लागतो. शोधायला निघाले.

पहिल्या एक माताजी. मंगल कार्यालयात त्यांचा सत्संग असायचा, कानाला माइक, मागं मोठा पडदा. मी उठून माझा प्रश्न विचारला. त्यांनी गोड हसून मला विचारलं, "ताई, तुम्ही नखं कुठल्या वारी कापता?" मग शनिवारी नखं कापल्यानं काय काय होतं यावर पाऊण तास. दुसरे एक निवृत्त मास्तर, मोठे अभ्यासू म्हणून गावात नाव. मी डबाभर बेसनाचे लाडू घेऊन गेले. लाडू खाता खाता ते म्हणाले, बायकांनी स्तोत्रं म्हणावीत, खोलात शिरू नये, डोक्याला ताप होतो. हे बोलताना मिशीला लाडवाचा चुरा लागलेला. मी डबासुद्धा तिथंच सोडून आले.

अशात भावाचा फोन आला. आईला जुलाब लागलेत, थांबत नाहीत, तू ये.

आई सोनईच्या पुढं आमच्या गावी, भाऊ-वहिनीजवळ. मी पिशवी भरून गेले. गोळ्या, पुड्या, सलाईनचं सामान, काही बाकी ठेवलं नाही. आई पडवीत खाटेवर होती. डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी, हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. खाण्यापिण्यात काय आलं म्हणून विचारलं, तर नेहमीचंच म्हणाली. मी मीठ-साखरेचं पाणी कालवलं, ग्लास तोंडाशी नेला. तिनं तोंड फिरवलं.

"न्हाई गं बाई. तुझ्या हातचं न्हाई चालायचं."

मला वाटलं, तापात बरळतेय. वहिनीनं खाली बघत सांगितलं, "आक्का, त्यांनी गुरू केलाय ना. निगुऱ्याच्या हातचं पानी घेत न्हाईत त्या."

ज्याला गुरू नाही तो निगुरा. हा शब्द मला माहीत नव्हता असं नाही, पण तो माझ्यावर कधी येईल असं वाटलं नव्हतं. वडील गेल्यावर आई गावातल्या बायांबरोबर पाथर्डीकडच्या एका मठात गेली होती, तिथल्या बाबांकडून कानात मंत्र घेऊन आली. पाठोपाठ भाऊ, वहिनी, सगळं घर. मंत्राबरोबर नियम आले. त्यातला हा एक. मी आले की वहिनीच पुढं होऊन चहा करायची, वाढायची. मला वाटायचं, नणंदेचा मान ठेवते बिचारी. कसला मान. माझ्या हाताला विटाळ लावला होता आणि मला पत्ता नव्हता.

"गोळी?" मी विचारलं.

"गोळी दे. औषिदाला चालतंय."

गोळी माझ्या हातची चालते, ती गिळायचं पाणी चालत नाही. मी हात धरून शीर शोधली, सलाईन लावलं. तेही चाललं, कारण ते तोंडातून जात नव्हतं. पण म्हातारीच्या शिरा सुकलेल्या, दर वेळी सुई बाहेर. तिला पाणी तोंडानंच जायला हवं होतं, घोट घोट, दिवसभर. आणि दिवसभर घरात मी. भाऊ-वहिनी कांदे लावायला रानात. वहिनी तांब्या भरून ठेवायची, पण आईला तो स्वतः उचलवत नव्हता आणि मी उचलला की तो बाटायचा. मी ग्लास घेऊन खाटेशी बसायचे आणि आई ओठांवरून कोरडी जीभ फिरवत दाराकडं बघत राहायची, सून कधी येते म्हणून. माझी सख्खी आई. मी परक्या माणसांच्या तोंडात चमच्यानं पेज भरवली आणि हिला माझ्या हातचं पाणी चालेना. संताप येत होता आणि रडूही येत होतं.

एकदा मी चिडून म्हणाले, "आई, कुठल्या बाबानं सांगितलं गं हे? काय शिकवतो तरी काय तो?"

तिनं हात वर केला. "निगुऱ्याजवळ गुरूची गोष्ट काढायची न्हाई. पाप लागतं." मग थोड्या वेळानं, छताकडं बघत, "तूबी करून टाक गं गुरू. मरताना तोंडात पानी घालायला तू लागशील का न्हाई? पोराचा काय नेम, रानात आसंल. तू जवळ बसून मी तशीच जायची का?"

ते माझ्या वर्मी लागलं. आईच्या तोंडात शेवटचं पाणी घालायचा हक्कही मला कुणा बाबाकडून मिळवायचा होता. बरं, मला गुरू हवाच होता. प्रश्न तयार होता. म्हटलं, बघू तरी. शिकवलं काही तर शिकू, नाही तर आईला पाणी तरी पाजता येईल.

मठात जायला निघताना खाटेखालच्या बाटलीकडं माझं लक्ष गेलं. प्लास्टिकची, गढूळ पाणी, तळाशी साका. आई रोज सकाळी अंघोळ झाली की त्यातलं पळीभर घ्यायची. "बाबांचं तीर्थ," वहिनी म्हणाली. मी झाकण उघडून हुंगलं. वास ओळखीचा वाटला, पण चटकन आठवेना.

वहिनीबरोबर जीपनं मठात गेले. माळावर पत्र्याचं मोठं शेड, बाहेर चपलांचा ढीग, आत टाळ आणि लाउडस्पीकर. दिवाळी नुकतीच झालेली, ऊसतोडीला निघालेल्या टोळ्याच्या टोळ्या दर्शनाला आलेल्या. बायांच्या कडेवर पोरं, हातात रिकाम्या बाटल्या. कारखान्यावर निघायच्या आधी तीर्थ भरून न्यायचं आणि सहा महिने उसाच्या फडात पुरवायचं, अशी रीत. पोराला ताप आला तर तेच, बाईला कळा आल्या तर तेच.

बाबा उंच खुर्चीवर, पाय चौरंगावर ताम्हनात. माणूस साठीच्या पुढचा, जाड, चेहरा शांत. त्यांचे पाय दुधानं धुवायचे, मग दही, मध, साखर, मग पाणी. ताम्हन भरलं की सेवेकरी ते पिंपात रिकामं करायचा. पिंपाला नळी, नळीखाली बाटल्यांची रांग. उजव्या पायावर झेंडूच्या पाकळ्यांचा थर आणि त्यावर चंदन थापलेलं. डाव्यावर नुसतं कुंकू.

रांग पुढं सरकली आणि तो वास आला. उदबत्त्या, धूप, झेंडू, सगळ्याच्या खालून. गोडसर, कुजका. आता आठवला. मेल सर्जिकल वॉर्ड, कोपऱ्यातली खाट, शुगरचा पेशंट, ज्याची पट्टी सोडायला नव्या पोरी तयार नसायच्या. माझ्या पुढच्या बाईनं पाय चोळले तशा पाकळ्या सरकल्या. करंगळीशेजारचं बोट काळं पडलेलं, बोटांच्या मधे ओलं, पिवळट. त्यावर मध आणि साखर. माश्या बसत होत्या, सेवेकरी पंख्यानं उडवत होता. त्या बाईनं ताम्हनातलं पाणी ओंजळीत घेतलं, डोळ्यांना लावलं आणि प्यायली. उरलेल्या थेंबांचं बोट कडेवरच्या पोराला चाटवलं.

जखमेची किळस मला आली नाही. जखम ती जखम, बिचारी. मला त्या ओंजळीची आली. मी पदर तोंडावर दाबला. आईची बाटली डोळ्यांसमोर आली, तळाशी साका असलेली. जुलाब का थांबत नव्हते ते कळलं. मी तिकडं गोळ्या देत होते आणि ती रोज सकाळी पळीभर पू पीत होती, हात जोडून.

मी शेजारच्या सेवेकऱ्याला म्हणाले, "अहो, पायाला जखम आहे. हे पाणी पाजू नका कुणाला."

तो माझ्याकडं कीव केल्यासारखा बघत म्हणाला, "ती जखम न्हाई बाई. भगतांचे भोग हायेत. बाबांनी अंगावर घेतलेत."

बाटली भरणाऱ्या एका बाईला मी हळूच म्हटलं, निदान उकळून दे गं लेकराला. तिनं बाटली पदराआड घेतली आणि दोन पावलं लांब सरकली. वहिनीनं माझा दंड धरला. तिचे डोळे सांगत होते, आक्का, आईला पाणी पाजायचंय ना, गप बसा. मी गप बसले. पाणी वाहत राहिलं, बाटल्या भरत राहिल्या.

माझा नंबर आला. माझा प्रश्न मी तोंडात घोळवत होते, तेवढ्यात सेवेकऱ्यानं बजावलं, "काय विचारायचं न्हाई. बाबांना तरास हुतो." वहिनी उत्साहानं सांगत होती, "ह्या आमच्या नणंदबाई. श्रीरामपूरला नर्स हुत्या." ते ऐकून बाबांनी मान वळवली आणि माझ्याकडं नीट बघितलं. मी त्यांच्या पायाकडं बघत होते. मी काय बघतेय ते त्यांना कळलं.

मंत्र द्यायचा तर दोघांच्या डोक्यावर उपरणं टाकतात, बाहेर टाळ वाढवतात, म्हणजे मंत्र दुसऱ्याच्या कानावर जात नाही. उपरण्याच्या आत अंधार, त्यांच्या तोंडाला तंबाखूचा वास, आणि खालून पायाचा. त्यांचे ओठ माझ्या कानाशी आले. अंगावर काटा आला माझ्या, पण भक्तीचा नव्हे.

"नर्सबाई," ते म्हणाले, "पाय ऱ्हाईल का माझा?"

जे वॉर्डात विचारायचे तेच मी विचारलं. "कधीपासून आहे?"

"पावसाळ्याच्या आधीपास्नं."

"शुगर तपासली?"

"न्हाई. दवाखान्यात गेलो की लोकं बघत्यात."

"उद्या सकाळी जा. नगरला मोठ्या दवाखान्यात. बोट जाईल, पाय कदाचित वाचेल. आणि हे पायाचं पाणी आजच्या आज बंद करा. माझी आई मरायला टेकलीय त्यानं."

"मी न्हाई म्हनलं तरी ती ऐकत न्हाईत. त्यांना ते लागतं."

लागतं म्हणे. खुर्चीवर बसून पाय पुढं करणारा हा, आणि लागतं त्यांना. माझ्या हातात असतं तर तिथंच ते ताम्हन त्याच्या डोक्यावर उपडं केलं असतं. पण आवाज घाबरलेला होता, आणि घाबरलेल्या पेशंटवर मी कधी ओरडले नाही.

"आणि मंत्र?" मी विचारलं.

"रामाचं नाव घ्या. त्याच्याबिगर मलाबी काय येत न्हाई."

उपरणं दूर झालं. तोवर त्यांचा चेहरा पुन्हा शांत झालेला, उजवा हात आशीर्वादाला वर. ते बघून मला जेवढी शिसारी आली तेवढी त्या काळ्या बोटाचीही आली नव्हती. भोवतीच्या बायका माझ्या पाया पडायला लागल्या. एक म्हातारी म्हणाली, "भाग्याची हायेस माय. बाबा येवढा येळ कुनाच्या कानाशी थांबत न्हाईत."

जीपमध्ये वहिनी खुशीत होती. मी कान पदरानं पुसत होते.

घरी आले तेव्हा आई जागीच होती. "दिला का गं बाबांनी मंत्र?"

"दिला."

"मला सांगू नको. कुनालाच सांगायचा नसतो." आणि मग, हात पुढं करून, "पानी दे."

मी ग्लास भरला. मानेखाली हात घालून तिला उठवलं आणि ती प्यायली. घटाघटा प्यायली, हनुवटीवरून ओघळ आले, लुगडं भिजलं. अजून दे म्हणाली. मला आनंद व्हायला हवा होता, झालाही. आणि त्याच वेळी किळसही आली. माझ्या हातात सकाळपासून काय बदललं होतं? हात तेच होते. एका सडक्या पायाच्या माणसानं कानात स्वतःची भीती ओतली म्हणून ते शुद्ध झाले होते.

ती झोपल्यावर मी खाटेखालची बाटली गोठ्यामागच्या गटारात रिकामी केली. ती घासली, उकळून गार केलेलं पाणी भरलं, तुळशीचं पान टाकलं आणि परत तिथंच ठेवली. आई सकाळी अंघोळ करून त्यातलं पळीभर घ्यायची, डोळ्यांना लावायची. मी तोंड दुसरीकडं करून भाजी निवडायचे. जुलाब थांबले. आठवडा गेला नाही तोच ती भिंतीला धरून अंगणात यायला लागली. गल्लीतल्या बायांना सांगायची, लेकीनं गुरू केला आणि माझं पोट थांबलं, बाबांची किरपा. मी दात-ओठ खाऊन ऐकायचे.

बाबा दवाखान्यात गेले, पण उशिरा. पाय गुडघ्याखालून काढावा लागला. मला वाटलं, आता तरी डोळे उघडतील. कशाचे उघडतायत. मठातून निरोप आला की बाबांनी एक पाय भक्तांसाठी दिला, आता डाव्या पायाचं तीर्थ मिळेल. वहिनी नवीन बाटली घेऊन आली. मी ती तिच्या हातातून घेतली आणि तिच्यासमोरच ओतली. त्यानंतर तिनं बाटली आणली नाही.

आईला यातलं काही कळू द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. एका सकाळी मी तिची वेणी घालत होते. तिनं पळीभर तीर्थ घेतलं, पळी खाली ठेवली आणि पाठमोरीच म्हणाली, "आताशा ह्या बाटलीला वास येत न्हाई."

माझा हात थांबला.

"आधी लई यायचा. मी नाक दाबून प्यायची. येकदा तर भडभडून आलं, पन गिळलं परत. तीर्थ वकायचं कसं, पाप लागलं आसतं."

"तुला कळत होतं? कळत होतं आणि पीत होतीस? अगं मग मला सांगायचं नाही का? मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, खाण्यापिण्यात काय आलं म्हणून."

"तुला कसं सांगनार? तुला गुरू नव्हता. निगुऱ्याजवळ बोलायचं न्हाई आसलं." तिनं मागं हात नेऊन माझ्या हातातला कंगवा चाचपला, पुढं चल म्हणून. "आता सांगितलं की. बाटलीत काय भरतीस ते मला सांगू नको. तसंच भरत जा."

मी वेणी घालत राहिले. इतका राग मला कुणाचा कधी आला नव्हता, आणि तो नेमका कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. पोथी श्रीरामपूरला कपाटात तशीच पडलीय. माझा प्रश्नही तसाच आहे. वेणी झाल्यावर आई म्हणाली, आता शेवटचं पाणी तूच घाल, आणि उकळून घाल.